पाऊणकी

लग्नाच्या वर्षीच सासऱ्यांनी शिकवली पाऊणकी.
तिथीला पाऊणने गुणायचं:
चतुर्थीला तीन, पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा,
त्या वाजता तारामुंबरीच्या खाडीत पाणी भरणार.
बोट कधी सोडायची, कधी आत घ्यायची,
सगळं बोटांच्या पेरांवर.

तुझी तिथी मला कळली नाही.

त्या आश्विनात तू चार रात्री झोपला नाहीस
आणि सकाळी माझ्याहून ताजा.
रात्री तीनला बोटीला रंग, तोही पिवळा.
माझ्या पाटल्या गहाण टाकून दुसरं इंजिन.
न्हाणीच्या भिंतीवर कोळशाने कालवांच्या शेतीचा नकाशा,
पहाटे सोसायटीच्या चेअरमनला फोन.
बोलताना तुझे शब्द एकमेकांच्या पायात यायचे.
जेटीवर म्हणाले, "जयवंत आता कोणाक गावाचो नाय,"
आणि खोटं कशाला बोलू, मला अभिमान वाटला.
एका रात्री उठवून, टॉर्च घेऊन खडपात नेलंस मला.
ओल्या दगडावर बसून म्हणालास,
आपण दोघं मरणारच नाही.
मी हसले. पटलंही होतं.

मग पौष.
तू भिंतीकडे तोंड करून.
पडवीतलं जाळं उंदरांनी कुरतडलं,
ताटलीतल्या पेजेवर साय धरली.
आंघोळ म्हटलं की डोळे मिटायचास,
जणू मी घाट चढायला सांगितला.
जेटीवर म्हणाले, "आळसान खाल्ल्यान तेका."
माझी आई म्हणाली, नजर.
देवळात गाऱ्हाणं घातलं, नारळ ठेवला.
कौल उजवा आला.
तू नाही आलास.

ओरोसच्या इस्पितळात केसपेपर:
जयवंत महादेव कुबल, वय एकेचाळीस, मच्छीमारी.
मी रडत सांगितलं तुझं न उठणं, न बोलणं.
डॉक्टरबाई लिहीत होत्या. पेन थांबलं.
"आणि ह्याच्या उलट? झोपेशिवायही दमले नाहीत, असं कधी?"
मी म्हणाले, ते दिवस चांगले होते हो.
आनंदाची तक्रार घेऊन कोण येतं इस्पितळात?
मग पिवळा रंग आठवला. इंजिन. पाटल्या.
आणि आमच्या लग्नाआधीची ती मोटरसायकल,
एका दिवसात घेतलेली, आठवड्यात विकलेली,
जिची गोष्ट तुमच्या घरात विनोद म्हणून सांगतात.

बाई म्हणाल्या, हे दोन आजार नाहीत, एकच. बायपोलर.
गोळी लिहून दिली:
"हाही एक क्षारच. रक्त तपासत राहायचं,
समुद्रावर, उन्हात पाणी भरपूर प्यायचं,
बरं वाटलं म्हणून मनाने बंद करायची नाही."
एसटीत तू महिन्यांनी आपणहून बोललास,
"म्हंजे, तो माजो आळस नाय?"
कणकवली येईपर्यंत मला उत्तर देता आलं नाही.

लोक सोपं करून विचारतात,
भरती-ओहोटीसारखंच ना?
नाही. पाण्याला पाऊणकी आहे.
मी आपली भिंतीवरच्या कॅलेंडरात
तिथीखाली तुझी झोप लिहिते:
सात. साडेसहा. सात. पाच.
पाचावर पेन्सिल जरा जास्त दाबली गेली.
जाळ्याची सुई भरताना तुझा हात थरथरतो,
तू शिवी हासडतोस, मी दुसरीकडे बघते.
कधी म्हणतोस, पिवळ्या रंगातला मीच बरा होतो.
मलाही आठवतो तो, खडपातला.
हे तुला सांगत नाही.

काल मांजराने सुंगटांची टोपली उलटी केली
आणि तू खदखदून हसलास, खूप वेळ.
मी कॅलेंडरकडे पाहिलं.
तू माझ्याकडे.
"अगो, मांजराक हसतंय," म्हणालास. "नुसतोच हसतंय."

त्रयोदशी होती. पावणेदहाला पाणी चढणार होतं.
सुंगटं वेचायला मी खाली बसले.